पुरावा मागता, मग शोधायलाही मदत करा

इतर मागासवर्गातलं जातप्रमाणपत्र वैध ठरवून घ्यायचं असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद दाखवावा लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. इतिहासाच्या पुस्तकात या तारखा नाहीत, पण सेतू केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बापाला विचारा, त्याच्या कामाची तारीख त्याला तोंडपाठ असते. पोरीचा अभियांत्रिकीला नंबर लागलेला असतो आणि पणजोबांच्या नावाचा एक कपटा सापडत नाही म्हणून प्रवेश टांगणीला लागलेला असतो. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या माणसाचंही तेच. आपल्याकडे घराण्याचा इतिहास धुंडाळणं हा पेन्शनरांचा विरंगुळा राहिलेला नाही. लाखो साध्या घरांच्या मानेवर बसलेलं ते काम आहे.

जातप्रमाणपत्राबद्दलचा २००० सालचा कायदा याबाबत अगदी स्वच्छ बोलतो. त्याच्या आठव्या कलमानुसार पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, कारण खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदाराचाच घास जातो. पण ज्या माणसावर तुम्ही तीन-चार पिढ्या मागचा कागद आणण्याची जबाबदारी टाकता, त्याला तो कागद कुठे असू शकतो, कोणत्या लिपीत असेल आणि कोणत्या नावाने असेल हे सांगणारं एक तरी ठिकाण सरकारी खर्चाने चालायला नको का? आज असं ठिकाण नाही. माझं म्हणणं असं की ते तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असावं, तहसील कचेरीत नव्हे.

योगायोगाची गंमत बघा. ज्या १९६७ सालाची आज एवढी धास्ती आहे, त्याच सालचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्या कायद्यामुळे आज राज्यात हजारो वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. काही तर कायद्याच्या आजोबांच्या वयाची आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. इमारती आहेत, टेबल-खुर्च्या आहेत, वर्तमानपत्रं वाचायला रोज येणारी माणसं आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची कल्पना कोणीतरी लढवली, आणि बऱ्याच वाचनालयांना त्या अभ्यासिकेने जगवलं. तशीच आणखी एक गरज दाराशी येऊन उभी आहे, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नाही.

आता ही गरज नेमकी काय आहे ते पाहू. जुना कागद एका ठिकाणी नसतो. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची नोंद कोतवाल करायचा. ती गाव नमुना चौदामध्ये, लोकांच्या तोंडी कोतवाल बुकात, आणि विदर्भात कोतवाल पंजीत. जमिनीचं बोलायचं तर विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि त्याआधीच्या जमीन बंदोबस्ताच्या मिसली म्हणजे जुन्या फायली, मराठवाड्यात खासरा पत्रकं, जुन्या मुंबई इलाख्यात फेरफार आणि वारस नोंदी. शाळेचं जनरल रजिस्टर वेगळंच, आणि ते बऱ्याचदा अशा शाळेत असतं जी आता दुसऱ्या शाळेत विलीन झाली आहे. त्याहून जुनं हवं असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतली कोट्यवधी पानं पडलेली आहेत. मराठवाड्याचे निजामी राजवटीतले कागद उर्दूत, आणि त्यातले काही थेट हैदराबादला. हा सगळा पसारा ज्याला ठाऊक आहे असा माणूस तालुक्यात एखादाच असतो, आणि तो फुकट बोलत नाही.

कचेरीत गेलात तर काय होतं? नकलेचा अर्ज हातात पडतो. त्यात गाव लिहा, साल लिहा, फेरफार क्रमांक लिहा, खातेदाराचं नाव लिहा. म्हणजे जे शोधायला तुम्ही आलात, तेच आधी भरून द्यायचं. अभिलेख कक्षातला कारकून वाईट असतो असं नाही. त्याचं काम नक्कल देण्याचं आहे, शोधून देण्याचं नाही, आणि कपाटातले, कागद बांधलेले रुमाल सोडून दिवसभर तुमच्या पणजोबांचा माग काढायला त्याला वेळही नाही. मग बाहेर झाडाखाली बसलेला एजंट पुढे येतो. मोडी वाचणारा पानामागे पैसे घेतो. पान बरोबर वाचलं की चूक, हे ताडून बघायची सोय गिऱ्हाइकाकडे नसते, आणि गरजवंताला अक्कल नसते हे एजंटाला पक्कं माहीत असतं. मोडी वाचून पैसे घेणं गैर नाही, ती विद्या आहे. पण सरकारने मागितलेल्या कागदासाठी माणसाला पहिली पायरीच विकत घ्यावी लागते, हे गैर आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या कागदांचा शोध सरकारला झेपणारा नाही. मग २०२३ मध्ये काय झालं? मराठ्यांना कुणबी दाखले द्या या मागणीचं आंदोलन पेटलं आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाडा, मग सगळं राज्य. जिल्ह्याजिल्ह्यांत कपाटं उघडली, मोडी आणि उर्दू वाचणारे कामाला लावले, कोट्यवधी पानं उलटली गेली आणि कुणबी अशा पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं जाहीर झालं. त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकायची व्यवस्थाही झाली. आंदोलनाचा रेटा असला की अशक्य वाटणारी कामं महिन्यांत होतात, याचा हा पुरावाच. त्या मागणीच्या बरोबर-चुकीत मी इथे शिरत नाही. मला खटकतं ते वेगळंच. तीच पानं उलटताना त्यांत त्याच गावातले महार, माळी, धनगर, कोळी, मुसलमान, वडार सगळे होते. ओळीच्या वर एक, खाली एक. शोध एका शब्दाचा होता, म्हणून बाकीच्या ओळी पुन्हा रुमालात बांधल्या गेल्या. एकदा उघडलेल्या रजिस्टरातली सगळी नावं त्याच वेळी सूचीत घेतली असती तर पुढच्या पिढ्यांची पायपीट वाचली असती. मात्र ते काम घाईत उभारलेल्या समितीचं नव्हतंच. सूची करणं, ती जपणं आणि आलेल्या माणसाला ती वापरायला शिकवणं हे ग्रंथपालाचं काम आहे, आणि ते कायमचं काम आहे.

एक प्रसंग मी स्वतः पाहिला. गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात बसलो होतो. एक काका मोबाइलवर एका कागदाचा फोटो घेऊन आले. अर्धा मोडी, कडेला उर्दू शेरा. त्यांना बाहेर कुणीतरी सांगितलं होतं की यावरचं साल जुळत नाही, हा कागद चालायचा नाही. साल होतं १३४०. ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, ही फसली आहे. यात पाचशे नव्वद मिळवा." फसली म्हणजे निजामी राजवटीतल्या कागदांवरचं महसुली सन. झाले १९३०. पुढे नाव होतं, त्यात मधे वलद. काका ते आडनाव समजून बसले होते आणि म्हणून हा माणूस आपल्यातला नव्हेच असं धरून चालले होते. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव त्या कागदात नव्हतंच. जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदांत तेच काम बिन करतो, गणू बिन राणू, आणि बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावताना कोम येतं. बाईंना मोडी अर्धवटच येत होती. तेवढ्यावर पाच मिनिटांत काकांचा टाकून द्यायच्या बेतातला कागद पुन्हा खिशात गेला. त्यावर शेवटी दाखला मिळाला की नाही मला माहीत नाही, आणि माझ्या मुद्द्यासाठी ते महत्त्वाचंही नाही. पुढचा अर्ज कुठे करायचा हे त्या माणसाला कळलं, एवढं पुरे. त्या बाईंच्या कामाच्या यादीत मात्र यातलं एकही काम नाही. नोंद होते ती देवघेव झालेल्या पुस्तकांची.

कचेरीपेक्षा वाचनालय बरं, याचं माझं खरं कारण हेच आहे. वाचनालयाकडे शिक्का नाही. ते काही प्रमाणित करत नाही, नाकारत नाही, फेटाळत नाही. तहसीलदार आणि जात पडताळणी समितीपुढे अर्जदार हा संशयित म्हणूनच उभा असतो, आणि ती त्यांची चूक नाही, तपासणं हेच त्यांचं काम. तपासणाऱ्यानेच शोधूनही द्यायचं म्हटलं तर एक तर तपास ढिला पडतो, नाहीतर मदतीला दर लागतो. शिक्का नसलेल्या टेबलावर माणूस मोकळेपणी विचारतो. आजोबांचं नाव शाळेत एक आणि सातबारावर दुसरंच का, आमचं मूळ गाव कुठलं, कुळदैवत कुठलं, पणजोबांनी गाव का सोडलं. यातले निम्मे प्रश्न दाखल्याचे नसतातच. मुंबईत गिरणीत लागलेल्या माणसाची तिसरी पिढी आता डोंबिवलीत आहे आणि गावी कुणाला ओळखत नाही. तिला फक्त आपण कुठले हे हवं असतं. तिच्यासाठी आणि दाखलेवाल्यासाठी कपाट एकच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि जड आक्षेप असा की वाचनालयात जातीचे कागद आले की वाचनालयं जातीची होतील. जात विसरायची सोडून ती शोधायला टेबल मांडायचं? मला हा आक्षेप हलक्यात घ्यायचा नाही. पण वाचनालयांच्या कपाटांत वंशाचा इतिहास आधीपासून आहेच. कुलवृत्तांतांच्या जाडजूड प्रती पाहा. नीट छापलेल्या, घराण्याच्या शाखा-उपशाखांसह, आणि त्यातले बहुतेक शिकलेल्या, पैसा जमवू शकणाऱ्या वरच्या जातींचे. ज्यांचा वृत्तांत कुणी छापला नाही त्यांचा वृत्तांत कोतवाल बुकात पडून आहे. पहिलं कपाट उघडं ठेवायचं आणि दुसऱ्याला कुलूप घालून जातनिरपेक्ष म्हणवून घ्यायचं, हे काही मला पटत नाही. टेबलावर बसलेल्याने कशासाठी हवंय असं विचारू नये, एवढा नियम केला की पुरे.

दुसरा आक्षेप खोटेपणाचा. जुन्या रजिस्टरात वेगळ्या शाईने जात घुसवल्याची, खाडाखोड केल्याची प्रकरणं पडताळणी समित्यांपुढे आणि न्यायालयांत येत असतात. उघड करू तर हे वाढेल, असं म्हणतात. मला उलटं वाटतं. ज्या पानाची एकच प्रत कपाटात आहे त्यात खाडाखोड करणं सोपं. त्याच पानाची स्कॅन प्रत तारखेसह तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि पुराभिलेख संचालनालयाच्या अशा तीन ठिकाणी असेल तर खाडाखोड करणाऱ्याला तिन्हीकडे जावं लागेल. मूळ रजिस्टर वाचनालयात आणा असं मी म्हणतच नाही. ते जिथे आहे तिथेच राहू दे. वाचनालयात असावी ती प्रत आणि सूची.

खाजगीपणाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला सीमा हवी. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नोंदींचा शोध घेण्याची मुभा आहे, पण मृत्यूच्या उताऱ्यावर कारण उघड करायचं नाही असंही त्यातच म्हटलं आहे. तेच धोरण पुढे न्यावं. ज्या नोंदींतली माणसं हयात असू शकतात त्या टेबलावर यायच्या नाहीत. वर सांगितलेल्या तारखांच्या आधीच्या नोंदींपुरतं काम ठेवलं तरी बहुतेकांची गरज भागते.

आणि ज्यांचा कागदच नाही त्यांचं काय? या सगळ्या चर्चेत हे लोक नेहमी मागे राहतात. गावोगाव फिरणाऱ्या जमातींच्या मुलाचा जन्म कुठल्या कोतवालाने लिहायचा? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवलं त्यांची नावं मात्र सरकारने काटेकोर लिहिली, पोलिसांच्या आणि सेटलमेंटच्या, म्हणजे त्यांना डांबलेल्या वसाहतींच्या, दप्तरांत. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच एक. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना त्या कायद्यांतून मुक्त केलं गेलं, पण नातवाला आज आजोबांच्या नावाचा सरकारी कागद हवा असेल तर त्या अपमानाच्या दप्तरातच शोधावा लागतो, आणि ते दप्तर कुठे आहे हे त्याला कुणी सांगत नाही. अशा घराला पडताळणी समितीचं दक्षता पथक गृहचौकशीला येतं तेव्हा घरातल्या म्हातारीला काय आठवतं यावर बरंच अवलंबून असतं. ती म्हातारी आहे तोवर तिचं बोलणं नीट नोंदवून ठेवणं, कोणत्या पालावर कोण जन्मलं, कोणाची सोयरीक कुठे झाली, हेही वाचनालयाच्या टेबलाचं काम असू शकतं. पुरावा म्हणून ते कितपत टिकेल हे समिती ठरवेल. निदान शोध घ्यायला धागा तरी राहील.

धागा तोंडी असला म्हणून कच्चा असतो असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी यायचे, बैलावर बसून, घंटा वाजवत. दारात उभं राहून घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांगायचे, नव्या जन्मलेल्या पोराचं नाव वहीत चढवायचे आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जायचे. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदी आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात लोक या दोन्ही दारांकडे वळले. या वह्या त्यांच्या मालकांच्या आहेत आणि त्यांच्या पोटाचा तो प्रश्न आहे, म्हणून कुणी फुकटात त्यांची छायाचित्रं काढून न्यावीत असं मी म्हणणार नाही. पण त्यांना योग्य मोबदला देऊन प्रत करून ठेवावी. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटाच्या वंशशोध संस्थेने १९७७ पासूनच सुरू केलं होतं. सात समुद्रांपलीकडच्या संस्थेला आपल्या वह्यांचं मोल कळलं, आणि आपण अजून त्या कुणाच्या माडीवर वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत ते शोधतोय.

परदेशात, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेत, सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाचा कोपरा असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे मदतीला स्वयंसेवक बसतात. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मॉरिशस बघा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, आगमनाची रजिस्टरं जपली आहेत आणि तिथला मराठी माणूस पूर्वजाच्या क्रमांकावरून कोकणातल्या गावाचं नाव शोधतो. गाव सापडलं की तो रत्नागिरीकडे येतो, आणि इथे त्याला कुणाकडे पाठवायचं हे कुणालाच माहीत नसतं. गोव्याची गरज वेगळी. तिथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज जन्मनोंदीवर नातवाचं पोर्तुगीज नागरिकत्व अवलंबून असतं, आणि पणजीतलं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ चं. कारणं वेगळी, अडलेला माणूस तसाच.

घरच्यांनीही एक सवय बदलायला हवी, आणि मदतीचं टेबल ती सहज लावू शकेल. आपण पूर्वज शोधतो म्हणजे पुरुष शोधतो. वंशावळीचं शपथपत्र वडिलांच्या बाजूचं असतं हे खरं, पण त्या बाजूला बायकाही जन्मल्या होत्या. आजोबांची नोंद वाळवीने खाल्ली असेल, पण आजोबांच्या बहिणीची जन्मनोंद शाबूत असू शकते. आणि कोतवाल बुकात बाळाचं नावच नसतं अनेकदा, कारण बारसं नंतर व्हायचं. बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं मुलगी. ती ओळ नाव शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटते. बाप आणि गाव धरून पान वाचलं तर सापडते. आत्यांची, पणजीच्या दिरांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांकडून आधी लिहून घ्यायला सांगणं, हे एवढं कुणी सांगितलं तरी निम्मं काम होतं.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. वाचनालयातल्या कर्मचाऱ्याचं मानधन बघितलं तर त्याच्याकडून आणखी काम मागायची लाज वाटते. ड वर्गाचं वाचनालय दिवसातून दोन-तीन तास उघडतं, त्याच्यावर हे लादणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून सुरुवात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या अ वर्गापासून करावी. मोडी वाचणारा माणूस आठवड्यातून एक दिवस बसेल आणि त्याला मानधन सरकार देईल. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं आणि त्यातून शिकून बाहेर पडणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांना शिकलेली लिपी कुठे वापरावी हे कळत नाही. शिंदे समितीने सापडवलेल्या नोंदींच्या सूच्या आयत्या तयार आहेत, त्या छापून ठेवता येतील. या टेबलावर दिलेली मदत अनुदानाच्या हिशेबात पुस्तकांच्या देवघेवीइतकीच मोजली जावी. तो निर्णय ग्रंथालय संचालनालयाने घ्यायचा आहे.

शासन निर्णय निघेपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. आपल्या तालुक्यात कोणत्या गावाचं कोतवाल बुक कोणत्या सालापासूनचं आणि कुठल्या खोलीत आहे, बंद पडलेल्या शाळांची रजिस्टरं कोणत्या शाळेकडे गेली, फसलीचं इसवी कसं करायचं, मोडी कोण वाचतं आणि किती पैसे घेतं, एवढं एका कागदावर लिहून वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी भिंतीवर लावायला कुठल्याही वाचनालयाच्या कार्यकारिणीला कुणाची परवानगी लागत नाही. तालुक्यातल्या एजंटांना तो कागद आवडणार नाही, तेव्हा दोन जास्तीच्या प्रती काढून ठेवाव्यात.